तीस दिवस मेंढरांपासून लांब

४ जानेवारी, रविवार

ऑफिसात दरवर्षी डायऱ्या येतात, मी त्या वाटून टाकतो. यंदा एक ठेवून घेतली. इंद्रजीत म्हणाला, तयारी लिहून ठेव, नाहीतर ऐन वेळी पंप विसरशील. म्हणून हे लिहिणं. मनातलं वगैरे लिहायला मला जमत नाही, आणि सध्या मनात काही नाहीच.

तर ११ फेब्रुवारीला मुंबईहून विमान. न्यूझीलंड, दक्षिणेकडचं बेट. डोंगरातल्या कच्च्या वाटांनी आठ दिवस सायकल. आम्ही तिघं. इंद्रजीतचं सात रस्त्याजवळ सायकलचं दुकान आहे, अभिमन्यू कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि मी बिरुदेव, सरकारी हेडक्लार्क, तेवीस वर्षं कागदाला कागद टाचणारा. दोन वर्षांपूर्वी ठरलेली सहल आहे. मधले दोन दिवस वस्ती नाही, फोनला रेंज नाही. नकाशावर तो भाग दाखवताना इंद्रजीत जरा चाचरत होता. मी म्हणालो, मला तर तोच भाग बरा वाटतोय.

आज सगळं सामान वजनकाट्यावर ठेवलं. दोन ट्यूब, चेनचे जोड, ब्रेक-पॅड, पाने, तंबू, कपडे. साडेतेरा किलो. नऊच्या आत यायला पाहिजे, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. एक स्वेटर काढला. पुन्हा आत ठेवला.

दिपालीनं विचारलं, "जायचं नक्की आहे ना?"

"का?"

"काही नाही," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. बायकोचं 'काही नाही' कशात धरायचं, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

७ जानेवारी

त्या देशात शिरण्याआधी भरायचा फॉर्म ऋतुजानं लॅपटॉपवर उघडून दाखवला. पोरगी दहावीला आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. त्यात एक प्रश्न आहे. गेल्या तीस दिवसांत तुम्ही जनावरांच्या संपर्कात आला होता का? कुत्री-मांजरं सोडून. जनावरं पाळतात अशा ठिकाणी गेला होता का?

आम्ही धनगर. मंगळवेढ्याच्या बाजूला गाव. तिथं आप्पा, म्हणजे वडील, आणि गुरप्पादादा मेंढरं राखतात. राखतात लिहिलं. आता आप्पा आणि मायाक्कावैनी राखतात. दादा १२ ऑक्टोबरला गेला.

तर हिशोब सरळ आहे. निघायच्या आधीचे तीस दिवस म्हणजे १२ जानेवारीपासून पुढं. तेव्हापासून मेंढराला हात लावायचा नाही, गावाकडं पाय टाकायचा नाही. म्हणजे 'नाही' लिहिता येईल, आणि ते खरं असेल. मी आजवर एकाही रकान्यात खोटं लिहिलेलं नाही.

ऋतुजा म्हणाली, "बाबा, ते नुसतं विचारतायत. जाऊ नका कुठं म्हणतायत? 'हो' लिहिलं तर काय होईल?"

मी म्हणालो, "सरकार उगाच विचारत नाही बाळ. 'हो' लिहायचं, मग त्यांनी बाजूला बसवायचं, चौकशी करायची. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "तुम्ही तसेही कुठं जाता गावाला?"

दोन वर्षांपूर्वी दादाला या सहलीचं सांगितलं तेव्हा तो मेंढरांच्या तळावर चहा उकळत होता. म्हणाला, "तितं मानसापरीस मेंढरं जास्त हायत म्हनं? मग आपलाच मुलूख की रं त्यो." आणि म्हणाला, "तितला धनगर मेंढरं कशी बलावतो, त्यवढं फोनात भरून आण. बगू, कुनाचा गळा भारी हाय."

फोनमधली जागा तपासली. पुरेशी आहे.

११ जानेवारी, रविवार

तुळजापूर रस्त्यानं बासष्ट किलोमीटर. समोरून वारं. गुडघा ठीक. घरी आलो तर दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. मला वाटलं इस्त्रीचे कपडे. आत शेंगाची चटणी, कडक भाकरी, वैनीसाठी नवं लुगडं.

दिपाली म्हणाली, "मला वाटलं आज जाऊन याल. उद्यापासून तुमचे ते तीस दिवस चालू होतात ना."

खरंच, आज जाता आलं असतं. मला सुचलं नाही. तिला तसं सांगितलं. तिनं पिशवी उचलून आत नेली. चटणी आम्हीच खाल्ली.

१४ जानेवारी

संक्रांत. दुखवट्याचं वर्ष, म्हणून घरात तिळगूळ नाही. शेजारच्या कमलम्मा दारापर्यंत वाटी घेऊन आल्या, लक्षात येताच "अय्यो" म्हणून माघारी वळल्या. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आहे, त्यामुळं संध्याकाळची सायकल बंद.

वैनीचा फोन आला. आप्पांनी मेंढरं विकायचं ठरवलंय. आप्पा शहात्तर वर्षांचे, वैनीच्या दोन्ही पोरी सासरी. मोडनिंबकडचा जोतीराम म्हणून एक धनगरच आहे, तो सगळा कळप पाळायला नेणार आहे. खाटकाला द्यायची नाहीत म्हणून आप्पांनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली.

"भावजी, येक अडचन हाय," वैनी म्हणाली. "मेंढरं सडकंवर पाय ठिवंनात. रोजच्या रानात माज्या मागं येत्यात गुमान. पर सडक दिसली की थिजत्यात. तीन म्हयनं झालं, आमी अल्याडच चारतूय. आन् जोतीरामभाऊचं रान तर पल्याड."

"टेम्पोत घालून न्या की," मी म्हणालो.

"आप्पा न्हाई म्हंत्यात. आपली मेंढरं आपल्या पायानं गेली पायजेत, म्हंत्यात." मग म्हणाली, "तुमचा गळा त्येंच्यासारका हाय. पल्याड हुभं ऱ्हाऊन येकदा हाक मारली तर येतील. आप्पांचा आवाज तर बसलाय. येताव काय?"

मी तिला तीस दिवसांचं समजावून सांगितलं. परदेशाचा कायदा आहे, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय. कायदा म्हंजी कायदा. जपून जावा."

तिला पटलं म्हणजे बरं झालं. नंतर टायरमधली हवा तपासली. दोन्ही टायरमध्ये हवा बरोबर होती, तरी सोडून पुन्हा भरली.

२० जानेवारी

इंद्रजीतच्या दुकानात सगळ्यांनी एक कागद भरायचा होता. नाव, रक्तगट, औषधं, आणि संकट आलं तर कुणाला कळवायचं. मी भरून दिला. इंद्रजीतनं वाचला, परत माझ्यापुढं सरकवला. मी दादाचं नाव आणि दादाचा नंबर लिहिला होता.

खाडाखोड नको म्हणून नवा कागद घेतला. तो रकाना कोरा ठेवलाय.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे लिहायचं राहिलं असं नको. १२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सहाच्या सुमारास दादा कळप घेऊन गावच्या फाट्यावर सडक ओलांडत होता. अर्धी मेंढरं पलीकडं गेली होती, तो मधे उभा होता. गाडी आली. दादा आणि अकरा मेंढरं. गाडी थांबली नाही.

मी तेव्हा सायकलवर होतो. लांब पल्ला होता, फोन सीटमागच्या पिशवीत, आवाज बंद. साडेदहाला नाष्ट्याला थांबलो. पोहे खाल्ले, चहा घेतला, मग फोन काढला. वैनीचे एकोणीस कॉल. दादा सव्वानऊपर्यंत शुद्धीवर होता म्हणे.

दादा सातवीतून मेंढरांमागं गेला म्हणून मी पदवीपर्यंत शिकलो. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी रडलो नाही. तेराव्याला मावशी म्हणाली, "शिकलेल्या मानसाचं आतडं दगडाचं." मी तेही ऐकून घेतलं. आतून दाबून बघितलं तर काही दुखत नाही. दाताला बधीर करायचं इंजेक्शन देतात ना, तसं सगळ्या अंगाला दिल्यासारखं आहे. जेवण जातं. झोप लागते. सायकलचा वेग उलट वाढलाय.

२५ जानेवारी, रविवार

आप्पा आले. न सांगता, मंगळवेढ्याहून एसटीनं. दार उघडलं तर खांद्यावर घोंगडी, हातात काठी, धोतराला मेंढराच्या लेंडीचा डाग. वास आधी आत आला, मग आप्पा.

आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फॉर्मचा. मेंढरांतून उठून आलेला माणूस म्हणजे संपर्क धरायचा का? मी म्हणालो, "आप्पा, हितं खुर्चीवर बसा." एरवी ते माझ्या शेजारी कॉटवर बसतात. घोंगडी मी हातानं घेतली नाही. दिपालीनं घेतली. मी म्हणालो, आंघोळ करता का, पाणी तापवतो, माझे कपडे देतो.

आप्पांना वैनीनं कायदा सांगितला असणार. खुर्चीत अवघडून बसले. पाणी प्यायले. बसक्या आवाजात म्हणाले, "मी हात लावल्याला चालंल का रं तुला? का त्येबी लिवावं लागतंय?"

मी म्हणालो, "तसं नाही आप्पा."

"मग कसं हाय?"

मी पाण्याचा तांब्या उचलून आत ठेवून आलो. ते म्हणाले, "येत्या आयतवारी जोतीराम येतोय. मेंढरं आली पल्याड तर आली. न्हाई आली तर परत लावीन त्येला. मग बाजार हायच." बाजार म्हणजे खाटीक. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. "गुरप्पाच्या हातची हायत. यवडंच सांगाया आलतो."

दुपारच्या गाडीनं परत गेले. जेवले नाहीत, दूधभाकरी तेवढी खाल्ली. ऋतुजा त्यांना स्टँडवर सोडायला गेली आणि रिक्षात त्यांना चिकटून बसली, असं तिनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

दिपाली भांडी आपटत म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहात? तुम्हाला मेंढरांची भीती नाही. त्या फाट्याची आहे. बघते ना मी, चार महिन्यांत त्या रस्त्याला एकदा तरी सायकल घातली का?"

मी म्हणालो, तिकडं चढ नाही, सरावाला उपयोगाचा नाही तो रस्ता.

"व्हय तर," ती म्हणाली.

२९ जानेवारी

सायकल सुटी करून खोक्यात भरायची म्हणून दुकानात गेलो. हँडल सोडवता सोडवता इंद्रजीतला सहज विचारलं, त्या जनावरांच्या प्रश्नाला तू काय लिहिणार?

"'हो'," तो म्हणाला. "सासऱ्यांच्या गोठ्यात जाऊन आलो ना परवा. 'हो' लिहायचं, ते विचारतात कुठं, कधी. बूट आणि टायर बघतात. माती दिसली तर धुऊन देतात, नाहीतर आपणच धुऊन न्यायचे. मागच्या खेपेला आम्ही दोघं गेलो तेव्हा अभिमन्यूचे बूट इतके चकचकीत करून दिले की हा म्हणाला, वर्षातून एकदा येत जाऊ." आणि हसायला लागला.

मी पाना खाली ठेवला. मला राग आला. कुणाचा ते कळेना. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी त्याला ओरडून म्हणालो. तो म्हणाला, "तू विचारलंस का कधी?"

विचारलं नाही हे खरं. रोज चाळीस लोक माझ्या टेबलापुढं येतात, मी त्यांना सांगतो, बाबांनो, आधी विचारा, मग भरा. ऋतुजानं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा वर्षं मी तिला प्रश्न नीट वाचायला शिकवतोय.

अठरा दिवस झाले. आणखी बारा दिवसांनी 'नाही' लिहिता येईल याचा मला आनंद होत नाही.  

१ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या एसटीनं दिपाली, ऋतुजा आणि मी, तिघंही गावाला निघालो. घाईत पायात सहलीचे नवे बूट घातले, तेच दाराशी होते. कंडक्टर "फाटा" म्हणून ओरडला तेव्हा मी जागेवरून उठलो नाही. ऋतुजानं दंडाला धरून उठवलं.

मोकळी रुंद सडक. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. काही नव्हतं. अलीकडच्या अंगाला कळप उभा, एकशे तीस. देवाच्या नावची म्हणून एक मेंढी घरी ठेवली होती. आप्पांनी सगळ्यांच्या कपाळावर भंडारा टाकलेला. पुढं म्होरकी मेंढी ढवळी, गळ्यात घंटा. वैनी मागं. जोतीराम म्हणून बारीकसा माणूस होता, त्यानं मला रामराम केला आणि म्हणाला, "लई जीव लावल्याली मेंढरं हायत. मी बाजारात काडनार न्हाई, सबूद हाय."

आप्पांनी काठीनं सडकेपलीकडं दाखवलं.

दिपाली एका बाजूला आणि ऋतुजा दुसऱ्या बाजूला लाल ओढण्या घेऊन उभ्या राहिल्या. ऋतुजाला गाड्यांपुढं उभी बघून मी तिला हातानं मागं हो म्हणून खुणावलं. बऱ्याच दिवसांनी मला भीती वाटली. एका ट्रॉलीवाल्यानं स्वतःच ट्रॅक्टर आडवा लावला, खाली उतरून म्हणाला, "घ्या पावनं, निवांत घ्या."

मी पलीकडं जाऊन उभा राहिलो. आमच्या घराची हाक आहे. आज्यानं आप्पांना दिली, आप्पांनी आम्हाला. दादानं मला ती विहिरीच्या काठावर बसून शिकवली होती, मी आठ वर्षांचा असताना. पोटातून काढ, नाकातून नको, म्हणायचा.

तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, नुसती हवा आली. समोरून मेंढरं बघत होती, गाड्या खोळंबल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवला. दिपाली त्याच्यावर अशी खेकसली की त्यानं इंजिनच बंद केलं.

तिसऱ्यांदा आली. "ड्युर्रऽऽ हा हा हाऽऽ, यवा गं बाया, यवाऽऽ."

माझा आवाज नव्हता तो. दादाचाच होता, जसाच्या तसा, शेवटी जरा चिरकणारा. वैनी पदराचा बोळा तोंडात धरून मटकन खाली बसली. ढवळीनं मान वर केली. सडकेवर एक पाय ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. मी हाका मारत राहिलो. मग ती घंटा वाजवत निघाली, आणि तिच्यामागं एकशे एकोणतीस, एकमेकींत घुसत, सगळी सरळ माझ्याकडं. माझ्या गुडघ्यांना तोंडं घासायला लागली. मला त्यांनी दादा समजलं, की मला ओळखलं, ते सांगता येत नाही.

पुढं ओढ्यापर्यंत मी हाका देत चाललो. तिथं गावची शीव. जोतीराम पुढं झाला, त्यानं त्याची हाक दिली. मेंढरं जागची हलेनात, माझ्याकडं बघत राहिली. मी तोंड उघडलं तेव्हा आप्पांनी माझ्या छातीवर हात ठेवला.

"आता गप ऱ्हा, बिरू. आता त्येंनी त्येचं ऐकाया पायजे."

गप्प राहणं मला चार महिने जमलं होतं. ते पाच मिनिटं जमेना. दात आवळून उभा राहिलो. जोतीरामनं पुन्हा पुन्हा हाक दिली. शेवटी ढवळी वळली आणि गेली. घंटा बराच वेळ ऐकू येत होती.

ती ऐकू यायची थांबली तेव्हा मी बांधावर बसलो आणि रडलो. हुंदके वगैरे नाही, गुरासारखा हंबरलो. "दादा, मी पोहे खात होतो रं," असं काहीतरी मोठ्यानं म्हणत होतो, असं दिपाली म्हणते. मला आठवत नाही. आप्पा शेजारी बसले, त्यांनी मला घोंगडीत ओढून घेतलं. "रड," म्हणाले. "कवाधरनं वाट बगतूय मी." मग तेही रडले. बसक्या गळ्यानं माणूस रडतो तेव्हा आवाज येत नाही, नुसतं अंग हलतं.

वैनी म्हणाली, "त्या दिशी तुमच्या दादांनी तुमाला फोन लावू नगं म्हनलं हुतं. म्हनलं, सायकलीवर आसंल, उगं घाबरं हुईल, पडंल. मीच लावलं. तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं." तेराव्यानंतर मी फिरकलोच नव्हतो, तर ती सांगणार कधी?

घरी ठेवलेली ती एकच मेंढी रात्रभर ओरडत होती. आम्ही तिथंच राहिलो.

३ फेब्रुवारी

दोन दिवस सुजलेले डोळे घेऊन ऑफिसला गेलो. साहेबांनी विचारलं, डोळे आलेत का? मी म्हणालो, भाऊ गेला. साहेब म्हणाले, तो तर ऑक्टोबरमध्ये ना? मी म्हणालो, हो.

पोट दुखावं तसं सगळीकडं दुखतंय. जेवण जात नाही. दिपाली म्हणते, असू दे, हे बरंय.

इंद्रजीतला फोन करून सांगितलं, रेंज नसलेल्या दोन दिवसांसाठी तो उपग्रहाचा फोन भाड्यानं घेऊ, वजन वाढलं तरी चालेल. संकटाच्या कागदावरचा कोरा रकाना भरला, दिपालीचं नाव लिहिलं. मग खाली अजून जागा होती, तिथं वैनीचं लिहिलं. माझ्या फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय, सकाळपासून प्रत्येक मेसेजला दचकतोय.

बूट धुवायला बसलो. तळाच्या खाचांत लेंड्या बसल्यात. एका बुटाच्या काढून झाल्या, दुसऱ्याच्या राहू दिल्या. निघायला अजून आठ दिवस आहेत.

संध्याकाळी ऋतुजानं फॉर्म उघडला. तो प्रश्न आला तशी थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"'हो' लिही," मी म्हणालो.

"विचारलं तर सांगायला तपशील पाहिजे बाबा. वेगळ्या कागदावर लिहून देते, खिशात ठेवा. काय लिहू?"

"लिही. १ फेब्रुवारी. भावाची एकशे तीस मेंढरं रस्त्यापलीकडं आणून दिली."

तिनं इंग्रजीत लिहिलं. मी दोनदा वाचलं. बरोबर होतं. खाली सही केली.